नगरप्रशासन, व्यवसायतत्त्वावरील

नगरप्रशासन, व्यवसायतत्त्वावरील : वेगाने वाढणाऱ्या नगराचा कारभार उद्योगसंस्थेच्या पद्धतीने, म्हणजे जमाखर्चाचा काटेकोर मेळ घालून, सेवांचे मोल ठरवून आणि मत्तेची वेळच्या वेळी देखभाल करून चालविण्याची विचारसरणी व तिचा व्यवहार. या विचारसरणीचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला उद्योगसंस्थेची फक्त पद्धत हवी असते, तर दुसऱ्या पक्षाला तिचे प्रयोजनही, म्हणजे लाभ, मान्य असते. या दोहोंतील भेद समजण्यास पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके विशेष उपयोगी आहेत. कारण लोकनियुक्त नगरपरिषद, एका कंपनीने वसविलेले गाव आणि शासकीय महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र, असे नागरी व्यवस्थेचे तीन वेगवेगळे प्रकार येथे एकमेकांच्या शेजारी नांदत आले आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नगराचा कारभार धंद्यासारखा असावा, हा विचार जुना आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा नगराध्यक्ष (१८७३–७६) जोसेफ चेंबरलिन याने शहरातील गॅस व पाणीपुरवठ्याच्या खाजगी कंपन्या नगरपालिकेच्या ताब्यात आणल्या. गॅसच्या विक्रीतून नफा मिळवावा व तो शहर सुधारणेसाठी वापरावा, असे त्याचे मत होते. पाण्यावर मात्र नफा घेऊ नये, असा त्याचा आग्रह होता. कोणत्या सेवेतून लाभ घ्यावा आणि कोणत्या सेवेतून घेऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून नगरप्रशासनापुढे उभा आहे. अमेरिकेत ओहायओ राज्यातील डेटन शहराने १९१३ च्या महापुरानंतर नगरव्यवस्थापक पद्धती स्वीकारली व १९१४ पासून ती अंमलात आणली. तीनुसार निवडून आलेले मंडळ धोरण ठरवते आणि त्याने नेमलेला वेतनधारी व्यवस्थापक ते राबवतो. कंपनीचे संचालक मंडळ व तिचा व्यवस्थापक यांच्या नात्याची ही सरळ प्रतिकृती होय.

महाराष्ट्रातील अनुभव काहीसा उलट दिशेने सुरू झाला. मुंबईत १८६५ च्या कायद्याने नगराची सर्व कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती एकवटली. पहिला आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याने बाजार, रस्ते व आरोग्याची कामे धडाडीने केली. परंतु खर्चाला आवर न राहिल्याने १८७१ मध्ये नगराची आर्थिक स्थिती बिकट झाली व करदात्यांनी चळवळ उभारली. परिणामी १८७२ च्या कायद्याने करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला. कार्यक्षम अधिकाऱ्यावर पैसे देणाऱ्यांची देखरेख नसेल, तर कार्यक्षमताच दिवाळखोरीकडे नेऊ शकते, हा या प्रकरणाचा धडा होता.

बारामती व इंदापूर : बारामती हे कऱ्हा नदीकाठचे शहर पुण्याच्या आग्नेयीस सु. १०० किमी. अंतरावर असून मोरोपंतांच्या (१७२९–९४) वास्तव्यामुळे ते मराठी वाचकांस परिचित आहे. इंदापूर हे मालोजीराजे भोसले यांच्या गढीसाठी प्रसिद्ध असलेले गाव पुणे–सोलापूर हमरस्त्यावर आहे. दोन्ही ठिकाणी १८६५ मध्ये नगरपालिका स्थापन झाल्या. दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात व वार्षिक पर्जन्यमान सु. ५० सेंमी. इतकेच आहे. १८७६–७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि ज्वारी-बाजरीच्या या प्रदेशात ऊस, गूळ व पुढे साखर कारखानदारी आली. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दौंडहून येणाऱ्या लोहमार्गामुळे बारामतीची बाजारपेठ वाढली. कृषी विकास प्रतिष्ठान (१९७१) व विद्या प्रतिष्ठान (१९७२) या संस्थांनी शेतीसुधारणेला व शिक्षणाला गती दिली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात तीनचाकी वाहने, पोलादी सुटे भाग, दुग्धप्रक्रिया, वस्त्रोद्योग असे व्यवसाय आल्यानंतर बारामती हे केवळ तालुक्याचे ठिकाण न राहता आसपासच्या तालुक्यांचे रोजगार, शिक्षण व वैद्यकीय सेवा यांचे केंद्र बनले. इंदापूरची वाढ त्या मानाने संथ असून ती हमरस्ता, बाजार व उजनी जलाशयाचे सान्निध्य यांवर अवलंबून आहे.

कालव्याच्या पाण्याचे मोजमाप : व्यवसायदृष्टीचा या भागातील पहिला मोठा प्रयोग नगरात नव्हे, तर कालव्यावर झाला. कालव्याच्या वरच्या भागातील मोजके शेतकरी मनमानी पाणी घेत आणि शेवटच्या भागात ते पोहोचत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर पाणीवाटपाची गट पद्धती सुचविली. ठराविक क्षेत्राचे गट पाडून, पिकांचे प्रमाण व पाण्याच्या पाळ्या आधी ठरवून, पाणी अधिक गावांना देण्याचा तिचा उद्देश होता. प्रथम विरोध झाला, पण पद्धत रुजली. मोजमाप व पूर्वनिश्चित वाटप हे धंद्यातील गुण येथे नफ्यासाठी नव्हे, तर शेवटच्या खातेदाराला न्याय मिळावा म्हणून वापरले गेले. इंदापूर तालुका या कालव्याच्या शेपटाकडे असल्याने तेथील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे.

कंपनीने वसविलेले गाव : इंदापूर तालुक्यातच उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत कळंब परिसरात, नीरा कालव्याच्या पाण्यावर, उसाचे विस्तीर्ण मळे व साखर कारखाना उभारला. या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. ओसाड माळावर कामगारांसाठी घरे, पाणी, वीज, शाळा व दवाखाना यांची व्यवस्था कंपनीनेच केली. साखरेला लागणारी यंत्रसामग्री बनविता बनविता तेथे अवजड यंत्रनिर्मितीचा उद्योग वाढला व त्याने सिमेंट, अणुऊर्जा व अवकाश संशोधन या क्षेत्रांसाठीही साधने तयार केली. नगराचा कारभार अक्षरशः धंद्याचा भाग म्हणून चालविण्याचे महाराष्ट्रातील हे एक आद्य उदाहरण होय.

अशा वसाहतीचे गुण उघड आहेत. निर्णय त्वरित होतात, रस्ते व गटारे एकाच आराखड्यानुसार बांधली जातात आणि देखभाल करणारा व तिचा खर्च सोसणारा एकच असतो. परंतु तेथील रहिवासी हा नागरिक म्हणून नव्हे, तर कामगार म्हणून सेवेला पात्र ठरतो. नोकरी संपली की घरावरील हक्कही संपतो. शिवाय वसाहतीचे भवितव्य एकाच उद्योगाशी बांधलेले राहते. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम १९६१ अन्वये साखर कंपन्यांच्या मळ्यांच्या जमिनी शासनाकडे आल्या व त्यांच्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगरच्या मळ्यांच्या जमिनीही या व्यवस्थेखाली गेल्या व वसाहतीचा मूळ आर्थिक पाया बदलला. उद्योगाला तेजी असताना असे गाव शेजारच्या नगरपालिकेहून नेटके दिसते. मंदी आली, की सेवा चालू ठेवण्याचे बंधन नेमके कोणावर, हा प्रश्न उभा राहतो.

कायद्याची चौकट : बारामती व इंदापूर येथील कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याखाली चालतो. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे तीन वर्ग पडतात : एक लाखाहून अधिक वस्तीच्या ‘अ’, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंतच्या ‘ब’ आणि त्याहून लहान ‘क’. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सफाई, गटारे, रस्ते, जन्ममृत्यूची नोंद, स्मशानभूमी इ. कर्तव्ये अनिवार्य असून उद्याने, नाट्यगृहे यांसारखी कामे ऐच्छिक आहेत. संविधानाच्या १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने या संस्थांना घटनात्मक स्थान दिले व बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपविण्याजोगे अठरा विषय नमूद केले.

कंपनीशी तुलना केल्यास नगराध्यक्ष व सदस्य हे संचालकांसारखे आणि मुख्याधिकारी हा व्यवस्थापकासारखा भासतो. तथापि ही तुलना फार दूर नेता येत नाही. मुख्याधिकाऱ्याची नेमणूक व बदली राज्य शासन करते. कराच्या मर्यादा, पदांची संख्या व मोठ्या कामांची मंजुरी यांवरही शासनाचे नियंत्रण असते. ज्या संस्थेला आपला व्यवस्थापक निवडता येत नाही व आपल्या मालाची किंमत पूर्णपणे ठरविता येत नाही, तिच्याकडून धंद्याच्या निकालाची अपेक्षा करणे कितपत रास्त, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

याच्या उलट टोकाची स्थितीही या शहरांनी अनुभवली. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या मंडळांची मुदत संपल्यानंतर, राज्यातील इतर अनेक नगरपरिषदांप्रमाणे, बारामती व इंदापूर येथेही प्रशासकांचा अंमल सुरू झाला. आरक्षणाच्या न्यायप्रविष्ट वादामुळे निवडणुका लांबत गेल्या व त्या डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. कामे थांबली नाहीत. परंतु प्रभागातील नळाला पाणी न आल्यास ज्याच्या दारी जावे, असा निवडून दिलेला माणूस नव्हता. संचालकांविना केवळ व्यवस्थापक, अशी ही अवस्था होती.

उत्पन्नाची साधने : नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क, बाजाराची फी व व्यापारी संकुलांतील गाळ्यांचे भाडे ही प्रमुख साधने असतात. एके काळी यांत जकात सर्वांत महत्त्वाची होती. शहरात येणाऱ्या मालावर ती बसत असल्याने व्यापार वाढला की नगराचे उत्पन्न आपोआप वाढे. बारामतीसारख्या बाजारपेठेला याचा लाभ मिळे. नाक्यांवरील खोळंबा व गैरव्यवहार या कारणांनी १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली व तिच्या जागी शासनाचे साहाय्यक अनुदान आले. २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर व्यापारावरील बहुतेक कर केंद्र व राज्य यांच्याकडे गेले. परिणामी शहराची भरभराट आणि नगरपरिषदेची तिजोरी यांतील थेट नाते तुटले. कारखाना, दुकान वा रुग्णालय आल्याने पाणी, रस्ते व सफाई यांवरील ताण त्याच दिवशी वाढतो. उत्पन्न मात्र मालमत्तेची फेरआकारणी होईपर्यंत वाढत नाही. वेगाने वाढणारे शहर अनेकदा पैशाअभावी मागे पडते, याचे हे एक मूलभूत कारण आहे.

मोठ्या शहरांना कर्जरोख्यांचा मार्ग खुला असतो. अहमदाबाद महानगरपालिकेने १९९८ मध्ये, तर पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. लहान नगरपरिषदांना स्वतंत्रपणे असे कर्ज उभारणे अवघड जाते, कारण त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा पाया अरुंद असतो. तमिळनाडूत अनेक लहान नगरांनी एकत्रितपणे रोखे काढून यातून वाट काढली. पंधराव्या वित्त आयोगाने (२०२१–२६) लहान नगरांच्या अनुदानाचा मोठा भाग पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला. अनुदानासाठी लेखे प्रसिद्ध करण्याची व मालमत्ता कराचे किमान दर ठरविण्याची अटही घातली.

हिशेबाची पद्धत : उद्योगसंस्थेकडून नगराने घ्यावयाची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हिशेबाची द्विनोंदी पद्धत. परंपरेने नगरपालिका रोकड पद्धतीने हिशेब ठेवीत. वर्षभरात आलेला व गेलेला पैसा तेवढा नोंदला जाई. या पद्धतीत थकलेली पाणीपट्टी, ठेकेदाराचे देणे व जुन्या जलवाहिनीची झीज दिसत नाही. समजा, ३० वर्षे टिकणाऱ्या जलवाहिनीवर ३० लक्ष रुपये खर्च झाले. रोकड पद्धतीत पहिल्या वर्षी ३० लक्ष रुपयांचा खर्च दिसतो व पुढील २९ वर्षे ती जलवाहिनी फुकट वाटते. द्विनोंदी पद्धतीत दरवर्षी एक लक्ष रुपये घसारा धरला जातो व पाण्याच्या खऱ्या खर्चात तो मिळविला जातो. वाहिनी निकामी होईल त्या दिवशी नव्या वाहिनीची तरतूद आहे किंवा नाही, हे त्यावरून आधीच कळते. राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमपुस्तिका २००४ मध्ये तयार झाली आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वतंत्र लेखासंहिता आणली. लेखे नुसते तयार होण्यापेक्षा ते सभागृहात वाचले जाणे व अर्थसंकल्प त्यांवर आधारणे अधिक महत्त्वाचे असते.

पाण्याचे मोल : बारामती शहराची मुख्य भिस्त नीरा डाव्या कालव्यावर आहे. कालव्याला पाळी असेल तेव्हा साठवण तलाव भरून घ्यावे लागतात व पुढील पाळीपर्यंत त्यांवर भागवावे लागते. ही रचना एखाद्या व्यापाऱ्याच्या कोठारासारखी आहे : आवक खंडित, जावक अखंड. त्यामुळे गळती, अनधिकृत जोडण्या व मोजमापाशिवाय जाणारे पाणी यांचा हिशेब ठेवणे हा काटकसरीचाच नव्हे, तर पुढील पाळी लांबल्यास तग धरण्याचा प्रश्न ठरतो. सरसकट वार्षिक पाणीपट्टी आकारल्यास एका खोलीचे बिऱ्हाड व बागबगीचा असलेला बंगला यांना एकच दर पडतो. जलमापक बसविल्यास वापराप्रमाणे आकार घेता येतो आणि गरजेपुरते पाणी स्वस्त ठेवून त्यापुढील वापर महाग करता येतो. व्यवसायपद्धतीने येथे गरिबाचा भार वाढण्याऐवजी घटू शकतो.

परंतु पाणी ही निव्वळ विक्रीची वस्तू मानल्यास काय होते, याचे उदाहरण औरंगाबादेत (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) दिसले. तेथील महानगरपालिकेने २०११ मध्ये पाणीपुरवठा एका खाजगी कंपनीकडे सोपविण्याचा करार केला. कंपनीने २०१४ मध्ये काम हाती घेतले. दरवाढ व कामाची गती यांवरून तीव्र असंतोष झाला आणि २०१६ मध्ये करार रद्द करण्यात आला. कोरड्या पडलेल्या नळाचा दोष लोकांनी कंपनीइतकाच नगराच्या प्रतिनिधींना दिला. सेवा ठेक्याने देता येते. उत्तरदायित्व ठेक्याने देता येत नाही.

राज्याच्या पातळीवरही हाच पेच आहे. २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला व त्यानंतर शेतीला अग्रक्रम दिला होता. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. धंद्याच्या हिशेबाने एक घनमीटर पाणी उद्योगात अधिक उत्पन्न देते. तरीही शेवटच्या चारीवरील शेतकऱ्याचा हक्क विकत घेता येणार नाही, असे लोकप्रतिनिधींनी ठरविले. हा निर्णय जमाखर्चातून निघत नाही. तो न्यायाच्या कल्पनेतून निघतो.

हद्दीचा प्रश्न : वाढत्या शहराची वाढ नेहमीच त्याच्या हद्दीत होते असे नाही. जनगणनेनुसार बारामती नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये ५१,३४२ होती व २०११ मध्ये ५४,४१५. म्हणजे दहा वर्षांत वाढ केवळ सु. ६ टक्के. याच दशकात राज्याची नागरी लोकसंख्या सु. २४ टक्क्यांनी वाढली. कारखाने, महाविद्यालये व नवी घरे ज्या काळात झपाट्याने वाढत होती, त्या काळातील हे आकडे प्रथमदर्शनी चकित करणारे आहेत. त्यांचे स्पष्टीकरण साधे आहे : वाढ जुन्या हद्दीबाहेर, लगतच्या ग्रामपंचायतींच्या जमिनींवर होत होती. पुढे हद्दवाढ होऊन जळोची, रुई, तांदुळवाडी हा परिसर नगरपरिषदेत आला. मधल्या वर्षांत तेथे रस्ते व गटारांचे आराखडे नसताना जी घरे उभी राहिली, त्यांना नंतर सेवा पुरविण्याचा खर्च आधी जागा राखून ठेवण्याच्या खर्चाहून अधिक असतो. हद्दवाढीमुळे कर देणारे वाढतात, पण कर्तव्ये त्याआधी येतात.

औद्योगिक क्षेत्रामुळे या प्रश्नास आणखी एक पदर जोडला जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (स्थापना १९६२) भूखंड पाडून देते, रस्ते व पाणी पुरवते आणि त्यांचे आकार वसूल करते. आपल्या क्षेत्रापुरते तेच नियोजन प्राधिकरणही असते. ग्राहक ठराविक, सेवा ठराविक व मोबदला ठराविक, या दृष्टीने ते व्यवसायतत्त्वाच्या सर्वांत जवळ जाते. तथापि कारखान्यात काम करणारा माणूस रात्री झोपतो तो शहरात. त्याच्या मुलांची शाळा, आजारपण व कचरा हे शहराच्या वाट्याला येतात. महामंडळाचा ताळेबंद नीटनेटका असतो, कारण संसाराचा खर्च त्याच्या वहीत येत नाही.

कंपन्यांकडून नगरनिर्मिती : शासनाने १९७० मध्ये कंपनी कायद्याखाली स्थापन केलेल्या सिडको या संस्थेने जमिनीच्या विक्रीतून नवी मुंबईची उभारणी केली, वस्ती स्थिरावल्यावर १९९२ मध्ये तेथे लोकनियुक्त कारभारासाठी महानगरपालिका अस्तित्वात आली. पुण्याजवळ हडपसर येथे मगरपट्ट्यातील सु. १२० शेतकरी कुटुंबांनी सु. ४०० एकर जमीन एकत्र करून आपलीच कंपनी काढली व जमिनीच्या प्रमाणात भाग घेऊन उपनगर वसविले. जमीन विकून मोकळे होण्याऐवजी ते मालक म्हणून टिकले. याच जिल्ह्यात वरसगाव जलाशयाच्या काठी खाजगी कंपनीने उभारलेल्या लवासा या नगरास २००८ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला होता. २०१० मध्ये पर्यावरणविषयक कारणांवरून तेथील काम थांबविण्याचा आदेश निघाला आणि २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. कंपनी बुडाली तर तिचे भागधारक नुकसान सोसून बाजूला होतात; नगरातील रहिवाशाला तसे बाजूला होता येत नाही.

प्रवाहाखालची गावे : नगराच्या हिशेबाची खरी कसोटी सांडपाण्यावर लागते. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांची २०११ मधील एकत्रित लोकसंख्या सु. ४८ लाख होती. त्यांचे सांडपाणी, अंशतः प्रक्रिया होऊन व अंशतः तसेच, मुळा-मुठा नदीतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते व पुढे उजनी जलाशयात येते. भीमेवरील हे ११७ अब्ज घनफूट क्षमतेचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाणफुगवट्यात इंदापूर तालुक्यातील अनेक गावांच्या जमिनी गेल्या. त्याच फुगवट्यावर भिगवण परिसरातील मासेमारी व आता पाणीयोजना अवलंबून आहेत. वरच्या शहरांनी शुद्धीकरणावर जो खर्च वाचविला, तो खालच्या गावांना पाणी शुद्ध करण्यासाठी, औषधपाण्यासाठी वा माशांच्या घटत्या उत्पन्नाच्या रूपाने भरावा लागतो. एका वहीतील बचत ही दुसऱ्या वहीतील तूट असते. २०२१ मध्ये उजनीत येणाऱ्या सांडपाण्यापैकी ५ अब्ज घनफूट पाणी इंदापूरकडे उचलण्याची योजना मंजूर झाली, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध झाला व मंजुरी मागे घ्यावी लागली. एका शहराचे टाकाऊ पाणी हे दोन जिल्ह्यांतील वादाचा विषय व्हावे, यावरून त्याचे मोल किती आणि त्याचा हिशेब किती अपुरा, हे दोन्ही दिसते.

बारामतीचे स्थानही या साखळीबाहेर नाही. तेथील पाणी कऱ्हेतून सोनगावजवळ नीरेस मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नीरा नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदर तालुक्यातील अतिवृष्टीने नाझरे धरणातून मोठा विसर्ग झाला व कऱ्हेला पूर येऊन बारामती परिसरातील हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. एरवी बहुतांश कोरड्या दिसणाऱ्या नदीच्या पात्रालगतची जागा धंद्याच्या दृष्टीने ‘पडीक’ असते; पुराच्या रात्री तिचा उपयोग कळतो.

मूल्यमापन : व्यवसायतत्त्वाच्या समर्थकांचे म्हणणे असे, की तोट्यात चालणारी संस्था शेवटी गरिबांनाच सेवा देऊ शकत नाही; थकबाकी माफ करणे व दर गोठविणे ही उदारता नसून पुढच्या पिढीवर टाकलेले कर्ज असते. हे म्हणणे बव्हंशी खरे आहे. जमाखर्च पारदर्शक ठेवणे, प्रत्येक सेवेचा खरा खर्च काढणे, गाळे व भूखंड उघड लिलावाने देणे, देखभालीची तरतूद आधी करणे, तक्रारीला मुदतीत उत्तर देणे या बाबतींत कोणतीही नगरपरिषद चांगल्या उद्योगसंस्थेकडून शिकू शकते. सवलत द्यावयाची असल्यास ती उघडपणे, सभागृहात ठराव करून व तिच्या रकमेची नोंद करून द्यावी, हेही तिला त्यातूनच शिकता येते.

मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. उद्योगसंस्था आपले ग्राहक निवडू शकते; नगरपरिषदेला कर न भरणाऱ्याच्या दारातील कचराही उचलावा लागतो, कारण त्यातून होणारी रोगराई कर भरणाऱ्याच्या घरी जाते. उद्योगसंस्थेत भागांच्या प्रमाणात मत असते. नगरात प्रत्येक प्रौढाला एकच मत असते. तोट्याची शाखा उद्योगसंस्था बंद करते. नगराला स्मशानभूमी वा साथीच्या रोगांचा दवाखाना बंद करता येत नाही. आणि उद्योगसंस्थेचा हिशेब तिच्या कुंपणापाशी संपतो. नगराचा हिशेब, नदीमुळे व वाऱ्यामुळे, शेजारच्या गावापर्यंत पोहोचतो.

म्हणून वाढत्या नगराने उद्योगसंस्थेची वही घ्यावी, परंतु तिचे प्रयोजन घेऊ नये, असे स्थूलमानाने म्हणता येते. वही मात्र अधिक रुंद असली पाहिजे. तीत हद्दीलगतच्या वस्त्या, कालव्याच्या शेपटाकडील शेत व नदीच्या खालच्या अंगाची गावे यांचीही पाने असावीत. बारामती व इंदापूर यांपैकी एक शहर कालव्याच्या वरच्या अंगाला व दुसरा तालुका शेपटाला. एक कऱ्हेकाठी व दुसरे भीमेच्या फुगवट्याशी. अशा स्थितीत दोन्ही नगरपरिषदांच्या ताळेबंदांचा एकत्रित विचार झाल्याखेरीज कोणत्याही एकाची शिल्लक खरी मानता येणार नाही.